आधी शिंगं, मग शेंब्या

पोळ्याची यादी मी दोन पानांवर करते. एक पान माझं, एक ह्यांचं. माझ्या पानावर पुरणाची डाळ, झुली धुणं, नवे गोंडे, बेगड. ह्यांच्या पानावर बैल धुणं, शिंगं साळणं, रंग, वेसण बदलणं. दोन्ही पानं स्वयंपाकघराच्या दाराला एकाच खिळ्याला टांगलेली असतात. पंचवीस वर्षं ही पद्धत चालली, आणि ज्या वर्षी खरी गरज होती त्याच वर्षी तिने मला तोंडावर पाडलं.

आमच्याकडे पितळेच्या चार शेंब्या आहेत. शेंबी म्हणजे बैलाच्या शिंगाच्या टोकावर बसवायची टोपी. खाली तोंड रुंद, वर निमुळती, टोकाला झाळून बसवलेलं एक घुंगरू. सासऱ्यांनी तरुणपणी करून घेतलेल्या. वर्षभर पेटीत जुन्या धोतराच्या फडक्यात असतात आणि पोळ्याला बाहेर येतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या जोडीतला थोरला बैल गेला. सासऱ्यांनी त्याला वासरापासून वाढवलेला. त्यानंतर सासरे शेतात जायचे थांबले. आजारी नव्हते. जेवत, पेपर वाचत, माझ्या भाजीला नावं ठेवत. पण फाटकाबाहेर पाऊल नाही. ह्यांनी उन्हाळ्यात बाजारातून नवा बैल आणला, तर त्याच्याकडे बाजेवरूनच एकदा पाहिलं आणि पेपर उलटला.

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी सासऱ्यांना विचारलं, "मामा, वेशीतल्या तोरणाखाली जोडी तुम्हीच धरणार ना?"

"चारी शेंब्या लागल्या त येतो," ते म्हणाले. "अर्धी सजोली जोडी घेऊन मी लोकायच्या समोर उभा राहत नसतो."

मी लगेच यादीत लिहिलं. अवघड काय होतं त्यात? मग पेटी उघडली, शेंब्या नव्या बैलाच्या शिंगांना लावून पाहिल्या, आणि त्या वरच अडकल्या. ह्याची शिंगं जाड. जोडीतल्या उरलेल्या जुन्या बैलाच्या दोन ठीक होत्या, पण ह्याच्या दोन्ही शेंब्यांचं तोंड वाढवावं लागणार होतं.

"आण इकडे," हे म्हणाले. "दोन मिनिटाचं काम."

ह्यांचं प्रत्येक काम दोन मिनिटांचं असतं. मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात ह्यांनी पहारीच्या टोकावर एक शेंबी चढवली आणि हातोडीने ठोकायला घेतली. चार ठोके नीट वाजले. पाचवा वेगळा वाजला. मी बाहेर आले तर शेंबीच्या काठापासून बोटाच्या पेराएवढी चीर गेलेली.

"जुनं पितळ हाय," हे म्हणाले.

"जुनं आहे म्हणूनच थंड ठोकायचं नसतं."

"तुले काय माहीत वं पितळाचं?"

मला माहीत होतं. माझं माहेर देऊळगाव राजाचं आणि घराशेजारी तांबटाचं दुकान. शाळेतून आल्यावर ओट्यावर बसून मी ते बघत असे. तो हंड्याला ठोके द्यायचा, आवाज खणखणीत व्हायला लागला की थांबायचा, हंडा विस्तवावर धरायचा, पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा ठोकायला घ्यायचा. पितळ ठोकून ठोकून ताठरतं, म्हणायचा. त्याला मधूनमधून आच दाखवावी लागते. नाही दाखवली तर ते फुटतं, आणि मग गिऱ्हाईक तुमच्यावर फुटतं.

तरी खात्री करावी म्हणून दुसरी शेंबी घेऊन लोहाराकडे गेले. ती माझी दुसरी चूक. पहिली चूक म्हणजे चहा ठेवायला आत गेले ती.

लोहार ऐकून हसायला लागला. "वहिनी, तापवून पाण्यात टाकसान त दगडावाणी कडक होईन. राखेत ठेवा रातभर, निवू द्या हळूहळू."

"दादा, ते लोखंडाला. पितळाला पाणी चालतं."

"मी चाळीस वर्षं काय बोरं इकून राह्यलो काय?"

वाद घालण्यात अर्धा तास गेला. शेवटी मी त्याच्याच भात्यापाशी पितळेच्या पट्टीचा एक टाकाऊ तुकडा तापवला, बादलीत टाकला, बाहेर काढला आणि हाताने वाकवून दाखवला. तो तुकडा त्याने उलटा वाकवला, पुन्हा सुलटा वाकवला, पाहत राहिला आणि म्हणाला, "असन. पण लोखंडाले असं नाई चालत." हे मी कधी म्हटलं होतं? मात्र बाभळीची एक निमुळती खुंटी त्याने मला तासून दिली, ती चांगली दिली. खुंटीचं माप मी दोऱ्याने घेऊन गेले होते. नव्या बैलाच्या प्रत्येक शिंगाला, टोकापासून चार बोटं खाली, दोरा गुंडाळून गाठ मारली होती. डाव्या शिंगाच्या दोऱ्याला एक गाठ, उजव्याच्या दोऱ्याला दोन. मी अशी कामं मोघम करत नाही.

आता तापवायचं कुठे, हा प्रश्न. उजेडात तापवलेल्या पितळाची लाली दिसत नाही; आणि ती दिसली नाही तर हात थांबत नाही, जास्त तापतं. गोठ्यात कडबा. उरली न्हाणी. तिथे दार ओढून घेतलं की बऱ्यापैकी अंधार होतो. परातीत ओली वाळू भरली आणि शेंबी त्यात घुंगराच्या बाजूने उलटी रोवली, म्हणजे घुंगराची झाळ वितळणार नाही आणि फक्त तोंडाचा काठ तापेल. पाइप गरम करायचा ह्यांचा गॅसचा दिवा घेतला आणि परात हळूहळू फिरवत ज्योत काठावर धरली.

"अवं, आंघोळीचं पाणी केव्हाचं निवून राह्यलं!" हे बाहेरून.

"थांबा."

"न्हाणीत काय तुऱ्हाट्या जाळून राह्यली काय?"

"थांबा म्हटलं ना!"

काठावर मंद लाली आली, अगदी संध्याकाळच्या चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्याएवढी. दिवा बाजूला, चिमटा, पाणी. चर्र झालं. मग शेंबी खुंटीवर चढवून लाकडी मोगरीने हलके ठोके. आवाज बदलला की पुन्हा आच, पुन्हा ठोके. तीन वेळा केलं आणि तोंड दोऱ्याच्या गाठीशी बरोबर जुळलं. फुटकी शेंबीही तशीच केली. तिची चीर थोडी आणखी उघडली, पण वाढली नाही. हे थंड पाण्याने आंघोळ करून दिवसभर फुरंगटून बसले. मी यादीत दोन्ही शेंब्यांपुढे बरोबरची खूण केली. बैलाला लावून पाहिल्या, घट्ट बसल्या. सासरे बाजेवरून बघत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या सकाळी, ह्यांनी बैल धुतले, शिंगं साळली. संध्याकाळी खांद्यांना तूप-हळद लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणून झालं, आणि मी म्हटलं, शेंब्या एकदा बसवून बघू, सकाळी घाई नको. पहिली शेंबी शिंगावर ठेवली. बैलाने मान हलवली आणि ती टणकन गव्हाणीत पडली. पुन्हा ठेवली. पुन्हा पडली.

मी शिंगाकडे पाहिलं. गुळगुळीत, चकचकीत, छान साळलेलं. सगळी खरबरीत साल निघून गेलेली आणि शिंग तेवढंच बारीक झालेलं.

"तुम्ही शिंगं साळलीत?"

"मंग? पोयाले साळत नाईत काय शिंगं? काऊन, तुले ठाऊक नाई?"

मला ठाऊक होतं. पंचवीस वर्षं मीच ते लिहीत आले होते, ह्यांच्या पानावर, दुसऱ्या ओळीत. माप घेणं माझ्या पानावर होतं. दोन पानं एकाच खिळ्यावर टांगलेली, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की एका पानावरचं काम दुसऱ्या पानावरच्या कामाने पुसून निघणार आहे. असा राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. ह्यांनी तर यादीत लिहिलेलंच काम केलं होतं, तेही न सांगता, आयुष्यात पहिल्यांदा. नेमकं तेव्हाच.

"थोडा कापूस कोंबून देतो," हे म्हणाले. "दोन मिनिटाचं..."

"हात लावू नका."

तोंड वाढवणं सोपं, कमी करणं कठीण. त्याला आतून खुंटी नाही, बाहेरून साचा लागतो. पोळ्याच्या सकाळी पुरणाची डाळ भिजत असताना मी बाभळीच्या ओंडक्यात ह्यांच्याकडून छिद्र पाडून घेतलं आणि पटाशीने वरून पसरट करवून घेतलं, नव्या मापाला, आणि हो, नव्या दोऱ्याने. पुन्हा न्हाणी, पुन्हा वाळू, पुन्हा दिवा. मऊ झालेली शेंबी छिद्रात घालून वरून फळी ठेवून दाबली. चांगली शेंबी काही केल्या सरळ बसेना. काठाला एकदा वळी पडली, ती खुंटीवर काढावी लागली. दुपार व्हायला आली तेव्हा कुठे ती बरी झाली. बरी म्हणजे बसली, घट्ट नाही. फुटकी मात्र पहिल्या दाबालाच आवळली. चिरीच्या दोन कडा एकमेकींवर आल्या आणि ती शिंगावर अशी बसली की जणू त्याच शिंगासाठी ओतली होती. एवढी मेहनत मी जिच्यावर केली ती डुगडुगणारी, आणि जी ह्यांनी फोडली ती पक्की.

फक्त चीर दिसत होती. समोरच, कपाळाच्या बाजूला. वरून बेगड चिकटवली, सुटली. रंग लावला, तर चीर आणखी उठून दिसली. वेशीवर ढोल वाजायला लागले होते. मी ओले हात पदराला पुसत बाजेपाशी गेले.

"मामा, चारही झाल्या. पण एक फुटकी आहे आणि ती दिसते. झाकायला आता वेळ नाही. मला जेवढं आलं तेवढं केलं."

सासरे उठले. चपला शोधल्या. गोठ्यात गेले, फुटकी शेंबी शिंगावरून काढली, अर्धा वळसा फिरवून पाहिली, तरी चीर दिसली म्हणून पुन्हा काढली आणि दोन्ही शेंब्यांची अदलाबदल केली.

"फुटकी आतल्या शिंगाले लावाची, जुन्या बैलाच्या बाजूनं," ते म्हणाले. "जोडी खांद्याले खांदा लावून उभी राह्यते. मंधात कोण पाहते? आमी काय सदा सगळ्या धडच शेंब्या लावत होतो काय?"

आठ दिवस बाजेवर बसून हे सगळं बघणाऱ्या माणसाने हे आधी सांगायला काय हरकत होती, ते मी विचारणार होते. पण त्यांनी भिंतीच्या खुंटीवरचा पटका घेतला, कासरा हातात धरला आणि नव्या बैलाच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "चाल बे." आणि फाटकाबाहेर पडले. हे मागून जुन्याला घेऊन गेले. मी चुलीवरची डाळ उतरवायची विसरले.

तोरणाखाली जोडी छान दिसली, असं लोक म्हणाले. परतताना वेशीजवळच्या चिखलात बाहेरच्या शिंगाची शेंबी पडली. माझी, मेहनतीची. फुटकी घरापर्यंत टिकली.

सासऱ्यांनी चिखलातली शेंबी उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि घरी आल्यावर माझ्या हातात दिली.

"थोडीशी अजून आवळाले पाह्यजे," ते म्हणाले. "पण पुढच्या साली शिंग अजून वाढन ह्याचं. माप मी घेऊन देईन. साळल्यावर."

मी यादीची दोन्ही पानं खिळ्यावरून काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला ते तसंच लिहून ठेवलं. एकाच पानावर. डाळ करपलीच होती.