तंजावरात राहायचं कुठे?

दर दोन-चार महिन्यांनी मला कुणाचा तरी फोन येतो. कुणाच्या भाच्याची बदली तंजावरला झालेली असते, कुणाच्या मुलीला तिकडे कॉलेजात नोकरी लागलेली असते. तू राहिली आहेस ना तिथे, मग सांग, घर कुठल्या भागात घ्यावं? मी भागाचं नाव सांगायला तोंड उघडते आणि बाहेर पडतो तो किस्सा. एक सांगितला की त्याच्या मागोमाग दुसरा येतोच. विचारणाऱ्याला हवा असतो पत्ता आणि त्याच्या हाती पडतात माणसं. माझा इलाज नाही. मला ते गाव तसंच कळलं.

*

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. गावोगावी कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. त्यातल्याच एका कंपनीने तंजावरला नवी शाखा काढली आणि शिकवायला मला सांगलीहून तिकडे धाडलं. मी पंचवीस वर्षांची, एकटी. तमिळमधला एकच शब्द येत होता, तो रेल्वेत शेजारच्या बाईने शिकवलेला. "आमा", म्हणजे हो. तेवढ्यावर भागेल असं ती म्हणाली होती.

घरं दाखवायला सेल्वम नावाचा दलाल मिळाला. तो मला मेलवीदीत घेऊन गेला. राजवाड्याभोवती चार दिशांना चार मोठे रस्ते आहेत, त्यातला हा पश्चिमेचा. बाजार, देऊळ, भाजी, सगळं पायाखाली. घर तर मला फारच आवडलं. मालकीणबाईंनी ओट्यावर बसवलं, ताक दिलं आणि तमिळमधून चार-पाच प्रश्न विचारले. मी प्रत्येक प्रश्नाला हसून "आमा" म्हटलं. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी त्या उठून आत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

प्रश्न काय होते ते मला कळलं रस्त्यात, सेल्वम मोडक्या इंग्रजीत माझी एकेक कबुली मोजू लागला तेव्हा. घरात मासे शिजवणार का? पाहुणे महिना-महिना राहणार का? रेडिओ मोठ्याने लावणार का? आणि दोन महिन्यांत सोडून जाणार का?

मला भाषा येत नाही हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो फार गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, इतकं खरं बोलायची काय गरज होती?"

*

त्या दिवसापासून सेल्वमचा माझ्यावर विश्वास बसला. ही बाई खोटं बोलत नाही, असं तो प्रत्येक घरमालकाला आधीच सांगून ठेवायचा. त्याच जोरावर मला दुसरं घर मिळालं. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या. मार्च महिना होता. मागच्या खिडकीतून एक लांबच लांब, खोलगट, मातीचं मैदान दिसायचं. तिथे शेळ्या चरायच्या आणि संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळायची.

या मैदानाचं नाव काय, म्हणून मी आजोबांना खुणेने विचारलं. ते म्हणाले, "आरु."

तोवर बसचे नंबर वाचता यावेत म्हणून मी तमिळ आकडे पाठ केले होते. ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु, आरु. आरु म्हणजे सहा. गावात निदान सहा तरी मैदानं आहेत हे ऐकून मला बरं वाटलं. मी घरी पत्रात लिहिलं की माझं घर ग्राउंड नंबर सहाच्या काठी आहे, हवा छान आहे. क्लासमधल्या मुलांनाही तसंच सांगत असे. मुलं एकमेकांकडे बघायची, पण टीचरला कोण सांगणार?

जूनमध्ये एका सकाळी बाहेर गलका ऐकू आला. खिडकी उघडली तर काठावर अख्खी गल्ली उभी. बायकांच्या हातात फुलं, कापूर. आणि लांबून, अगदी सावकाश, जमीन हुंगत हुंगत यावं तसं पाणी येत होतं. आधी हातभर रुंद, मग खोलीभर, मग बघता बघता या काठापासून त्या काठापर्यंत. मुलांनी विसरलेला एक स्टंप माझ्या खिडकीखालून वाहत गेला.

आजोबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पाण्याकडे बोट करून लहान मुलाला शिकवावं तसं म्हणाले, "आरु."

सहाला आरु म्हणतात आणि नदीलाही आरुच म्हणतात. तो कावेरीच्या पाण्याचा मोठा कालवा होता. उन्हाळ्यात बंद असतो. गाव त्याला पुदु आरु म्हणतं, म्हणजे नवी नदी. तेव्हा ज्याला हवेशीर जागा हवी असेल त्याने त्या काठाला जरूर राहावं, मात्र मैदान आवडलं म्हणून राहू नये.

*

त्या घरातून मला पुढे निघावं लागलं. आजोबांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोल्या हव्या झाल्या. पुन्हा शोधाशोध सुरू झाली. एकीकडे गॅसची शेगडी बिघडलेली. ती घेऊन दुकानात रांगेत उभी होते. घामाने निथळत मी आपली स्वतःशीच पुटपुटले, "काय हा उकाडा, बाई."

पुढच्या माणसाने मान वळवली. कपाळाला विभूती, खिशाला दोन पेनं, हातात माझ्यासारखीच शेगडी. तमिळ हेलात तो म्हणाला, "उकाडा आहे खरा. आपण कोठून येणें केलें?"

मला क्षणभर वाटलं की एखाद्या ऐतिहासिक नाटकातला नट शेगडी दुरुस्तीला आलाय. सहा महिन्यांत मी समोरासमोर मराठी ऐकली नव्हती, आणि जी ऐकली ती ही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरला. आपलं काही चुकलं काय, म्हणून विचारू लागला.

हे रामाराव. रेल्वेत बुकिंग क्लार्क. पूर्वज मराठा राजांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. मला वाटायचं, असे लोक राहत असतील तर राजवाड्याजवळच्या गल्ल्यांत. पण रामारावांचं घर निघालं मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला, नव्या वसाहतीत. सिमेंटचं, दुमजली, गच्चीवर ॲन्टेना. वरचा मजला रिकामा होता. त्यांच्या पत्नी तुळसाबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "जेवलीस?"

मी नाही म्हणाले. घर ठरलं.

*

रामारावांचा जीव मराठीवर, पण देवनागरी अक्षरं वाचता येत नसत. त्यांच्या वडिलांची पत्रंसुद्धा मराठीतच, पण लिपी तमिळ. तेव्हा घरोघर केबल येत होती. आकाशातून मराठी कार्यक्रमही येतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं. ते केबलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, एका घरासाठी नाही जमणार, दहा घरं आणा.

रामारावांनी सायकल काढली. पंधरा दिवस ते ड्यूटी संपली की मराठी घरं धुंडाळत फिरले. करंदैमध्ये एक शिंपी निघाला, मेलवीदीत एक वकील, ओरत्तनाडूच्या वाटेवर शेती करणारं एक कुटुंब. वकील आणि शिंपी चुलतभाऊ होते. आजोबांच्या काळात काहीतरी बिनसलं, तेव्हापासून त्या दोन घरांत जाणं-येणं नव्हतं. काय बिनसलं ते आता दोघांनाही ठाऊक नव्हतं. दहा घरं भरली.

पहिल्या रविवारी सगळे रामारावांकडे जमले. तीसेक माणसं, बायका जरीच्या साड्या नेसून. वकील एका कोपऱ्यात, शिंपी दुसऱ्या. टीव्ही लागला, बातम्या सुरू झाल्या. निवेदिका भराभर बोलत होती. पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग रामाराव हळूच माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "ही बाई कोणती भाषा बोलते?"

त्यांचं चुकत नव्हतं. इतक्या पिढ्यांमध्ये इकडची मराठी एका वाटेने गेली होती, तिकडची दुसऱ्या. मग मी टीव्हीशेजारी खुर्ची घेतली आणि बातम्या मराठीतून मराठीत सांगितल्या. मध्येच कुठेतरी माझा शब्द अडला. कोपऱ्यातला शिंपी एक शब्द म्हणाला, दुसऱ्या कोपऱ्यातून वकिलानेही नेमका तोच म्हटला. तो काही माझ्या ओळखीचा नव्हता. त्यांच्या आजोबांचा असावा.

पुढच्या रविवारी टीव्ही लावायचं कुणाला सुचलंच नाही. जमले मात्र सगळे.

*

रामारावांची मुलगी पद्मिनी. वय एकोणीस, माझ्याच क्लासला यायची. घरात आईबाप मराठी बोलत, ही तमिळमधून उत्तर देई. रविवारच्या बैठकीत तर ती गच्चीवरच बसून राही. मराठी येत नाही तिला, नव्या पिढीचं असंच, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

ऐन उन्हाळ्यात मला ताप भरला. दोन दिवस मी जागच्या जागी. तुळसाबाई लग्नाला पापनाशमला गेलेल्या, म्हणून पद्मिनी दिवसभर उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मी तापात काहीबाही बरळत होते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

बरी झाल्यावर मी तिचे आभार मानले. सावकाश, तिला समजावं म्हणून सोप्या शब्दांत. तिने ऐकून घेतलं. मग मांडी घालून बसली आणि चक्क माझ्या आवाजात, आमच्या सांगलीच्या ठेक्यात म्हणाली, "मुडदा बशिवला ह्या उन्हाचा. कुठनं आले ह्या मुलखात. आन् ती पद्मिनी, हुशार हाय पोरगी, पर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतीया."

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

पांघरुणाबाहेरून तिने विचारलं की मी खरंच हुशार आहे का. मी आतूनच हो म्हटलं. तर म्हणाली की मग मला ही तुमची मराठी शिकवा, आईची नको. आईच्या मराठीला मैत्रिणी हसतात. तुमच्या मराठीत भांडता येतं.

*

आणि आता अण्णांचा किस्सा. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. माझ्या नोकरीची दोन वर्षं संपत आली आणि कंपनीने आणखी एक वर्ष राहता का म्हणून विचारलं. मला राहायचं होतं. तसं घरी कळवलं तर पत्राचं उत्तर आलं नाही, अण्णाच आले. धोतर, टोपी, हातात पिशवी आणि पिशवीत परतीची दोन तिकिटं.

मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकटी पोर, परका मुलूख, पुष्कळ झालं." रामारावांनी समजूत घालून बघितली, तर अण्णा त्यांचं बोलणं हात जोडून ऐकून घ्यायचे आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी मी क्लासमधून आले तर अण्णा घरी नव्हते. सकाळी फिरायला गेले ते आलेच नाहीत, जेवायलाही नाही. तमिळ सोडाच, त्यांना इंग्रजीचंही अक्षर येत नव्हतं. रामाराव सायकलवर निघाले. पद्मिनीने मला मोपेडवर मागे बसवलं. देवळापासून पुदु आरुपर्यंत आम्ही सगळं पालथं घातलं. एकच विचार डोक्यात फिरत होता, माझ्या हट्टापायी हे झालं.

शेवटी बस स्टँडवर गेलो. पद्मिनीने टोपीची खूण सांगितली, तर एका कंडक्टरने लगेच ओळखलं. ते आजोबा ना, ते तर पापनाशमला गेलेत. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

आम्ही थांबलो. दिवस मावळताना गाडी आत शिरली. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला, बॉनेटजवळच्या सीटवर अण्णा. मांडीवर केळ्यांची फणी. ड्रायव्हर आधी स्वतः उतरला आणि त्यांना हात देऊन उतरवलं. चाळीस-पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस. पद्मिनीशी तो बराच वेळ तमिळमध्ये बोलला.

तिने नंतर सांगितलं ते असं. सकाळी तो गाडी मागे घेत होता आणि मागून कुणीतरी पत्र्यावर हाताने थापा देत होतं. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. इतक्या नेमक्या थापा, की आपला कंडक्टर तर चहाला गेलाय हे त्याच्या नंतर लक्षात आलं. उतरून बघतो तर अण्णा. मग एकमेकांचे हात बघितले. दोघांच्याही तळहाताला स्टिअरिंगचे घट्टे. मग त्यांना वर घेतलं आणि उतरू दिलं नाही. जेवणाचा डबाही दोघांत वाटून खाल्ला.

घरी आल्यावर अण्णा आधी न्हाणीत गेले. पाय धुतले, पाणी प्यायले आणि खिशातून एक चिठ्ठी काढून पद्मिनीला दिली. वाच म्हणाले. चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातची, तमिळमध्ये होती. तिने वाचली. 'माझी मुलगी', आणि तिचं नाव. खाली पत्ता, नर्सेसचं होस्टेल, मिरज. त्याखाली एक ओळ. पद्मिनी ती मराठीत सांगताना अडखळली, "तिचं तिकडे कोणी नाही."

आमच्या सांगलीच्या घरापासून मिरज सहा मैल.

अण्णांनी चिठ्ठी परत घेऊन नीट घडी केली आणि टोपीत ठेवली. पिशवीतून दोन तिकिटं काढली. त्यातलं एक माझ्या हातावर ठेवलं. "हे उद्या परत करून ये."

मग स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "आणि तुळसाबाईंना विचार, ते पाण्यासारखं आंबट वरण कसं करतात. तुझ्या आईला लिहून द्यायचंय. रविवारी जेवायला बोलवायची आहे एका पोरीला."