आईचं प्रतिज्ञापत्र

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून जातात. कुठली चोरी कुठल्या ठाण्यातली, हे सांगायला मला थांबावं लागतं. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर उभं राहतं, आणि त्यात गुन्हासुद्धा दाखल झाला नव्हता.

निवृत्ती जवळ आली असताना माझी बदली कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात झाली. हद्दीत एकीकडे कारखाने, दुसरीकडे फार्महाऊस आणि मधे भातशेतीची गावं. शनिवार-रविवारी बंगल्यांवरच्या स्पीकरच्या तक्रारी यायच्या आणि सोमवारी त्यांचे जबाब. अशाच एका सोमवारी हजेरी आटोपून केबिनमध्ये आलो, तर ठाणे अंमलदार म्हणाला, "सर, एक बाई कधीची उभी आहे. बसा म्हटलं तरी बसत नाही."

ठाण्यात आलेला माणूस बसत नसेल, तर बहुधा त्याला एकच गोष्ट सांगायची असते. मी तिला आत बोलावलं. तिशीच्या आसपासची बाई. साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि कंपनीचा निळा कोट तिच्या अंगावर तसाच होता. तिनं माझ्यासमोर एक झेरॉक्स ठेवली.

"साहेब, ही सही माझ्या आईची नाय."

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घराबाहेर पडली होती. पाच वर्षांची मुलगी सासरच्यांनी ठेवून घेतली. मुलीचा ताबा मिळावा म्हणून तिनं कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला होता. त्या दाव्यात नवऱ्याच्या बाजूनं एक प्रतिज्ञापत्र दाखल झालं, आणि ते तिच्या स्वतःच्या आईच्या नावाचं होतं. 'माझी मुलगी तापट आहे, ती नातीला उपाशी ठेवते, माझ्या घरी असताना तिनं रागाच्या भरात नातीच्या हातावर गरम पेज ओतली', असं त्यात शपथेवर लिहिलेलं होतं.

"पेज सांडली हे खरं का?" मी विचारलं.

"खरं. पण सांडली आईच्याच हातून. पळसदरीला, आईच्या घरात. टोप उतरवताना फडकं निसटलं. मी तेव्हा पाणी भरायला गेले होते. आल्यावर आईच रडत होती, पोर कमी आन् आई जास्त. तीच बाई असं लिहून देईल?"

मग तिनं सहीवर बोट ठेवलं. "आईला सही मी शिकवली, मी शाळेत होते तेव्हा. शेवटचं अक्षर ती कायम रेघेच्या खाली नेते. ही बघा, कशी सरळ हाय. कुणीतरी गिरवलेली हाय."

"आईला विचारलंत?"

"फोन उचलत नाय. सासरच्यांनीच तिचा फोन घेतला असंल."

इथं कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोर्टात कुणी खोटी साक्ष दिली, तर त्याची दखल कोर्टानं घ्यायची असते, पोलिसांनी नाही. पण सहीच बनावट असेल, तर तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा ठरतो आणि त्याचा तपास आम्हाला करता येतो. मी तिचा तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली आणि आमच्या महिला हवालदारांना चौकशीत घेतलं.

त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला. कर्जतला प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्या एकाकडे भाड्यानं बायका उभ्या करतात, कुणाच्याही नावानं सही करून घेतात, असं फोन करणारा म्हणाला. टायपिस्ट तोच निघाला, ज्याच्याकडे हे प्रतिज्ञापत्र तयार झालं होतं. मला वाटलं, धागा सापडला. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. तोतया बाई सापडली की तक्रारदार बाईला तिची आई परत मिळणार होती.

टायपिस्ट पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पहिला तासभर त्याचं एकच पालुपद होतं, "मी फक्त टाइप करतो, साहेब. माणूस खरा की खोटा ते नोटरी बघतात." मी त्याला निनावी फोनचं सांगितलं. तो चिडला आणि लगेच शेजारच्या टायपिस्टचं नाव घेऊन मोकळा झाला. निनावी फोनमागे बऱ्याचदा धंद्यातलं वैर असतं. इथंही तेच होतं.

"मग बाई कोण होती ते सांगा," मी म्हणालो.

त्यानं पाणी मागितलं. खोटं बोलणारा माणूस सहसा पाणी मागत नाही. खरं सांगायला लागणारा मागतो.

"बाई खरीच होती," तो म्हणाला. "आधारकार्ड होतं, फोटो जुळत होता. जावई घेऊन आला होता. मजकूर त्याच्या मोबाईलवर तयार होता. मी प्रिंट काढून तिला वाचून दाखवलं, तसं करावंच लागतं. पेजेचं वाक्य आलं तशी म्हणाली, एवढं काढा. जावयानं फोन लावला आणि तिच्या कानाला दिला."

"कोण होतं फोनवर?"

"तिची धाकटी मुलगी. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. 'आई, कर गं. माज्यासाठी कर.' एवढंच म्हणत होती ती, परत परत. मग म्हातारीनं पेन मागितलं. सही करायला एवढा वेळ लावला, की मला वाटलं तिला येतच नाही. एकेक अक्षर काढत होती."

तक्रारदार बाईनं धाकट्या बहिणीबद्दल मला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या मनातसुद्धा ते आलं नसणार. चौकशी केली तेव्हा कळलं, या दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात, दोघा सख्ख्या भावांना दिलेल्या होत्या. मोठी बाहेर पडली होती. धाकटी आतच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साध्या कपड्यांत महिला हवालदारांना घेऊन पळसदरीला गेलो. आई ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं आम्हाला बसायला चटई टाकली आणि पुन्हा वाल सोलू लागली.

मी झेरॉक्स पुढे केली. तिनं ती हातात घेतली नाही.

"सही माजीच हाय, सायेब."

"शेवटचं अक्षर तुम्ही खाली नेता म्हणे."

"कोर्टाचा कागद व्हता. नीट केली."

"आणि लिहिलंय ते?"

"त्ये खोटं हाय."

"पेज कुणाच्या हातून सांडली?"

"माज्या." वालाची सालं तिनं एका बाजूला सारली. "मोठी हुशार हाय. बारावी शिकली. कामाला जाती, भाड्यानं ऱ्हाती, कुनाचं काय घेत नाय. ती जगंल, सायेब. धाकटीला येकटीला खोपोलीला जाऊन यायला जमत नाय. तिला दोन पोरी हायत. जावई म्हनले, सही नाय केली तर हिलाबी उद्या तुज्या दारात आनून टाकू. धाकटीला भायेर काडली, तर ती घरी येनार नाय. ती सरळ धरनावर जाईल, जीव द्यायला. मी तिला वळखते."

महिला हवालदारांनी मान खाली घातली. मी माझं काम केलं. म्हणालो, "जावयानं धमकी दिली एवढं लिहून द्या. मी आज गुन्हा नोंदवतो. धाकटीला आम्ही संरक्षण देऊ."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कुटवर, सायेब?"

मी झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली. माझी बदली होणार, हवालदारांची होणार, आणि धाकटी त्याच घरात रोज चूल पेटवणार.

ठाण्यात धाकटीलाही बोलावलं. नवरा बरोबर आला. त्याला बाहेर बसवून महिला हवालदारांनी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. "मला कुनी काय बोललं नाय," एवढं एकच वाक्य ती जमिनीकडे बघून बोलत राहिली. जाताना दारात थांबून तिनं हवालदारांना विचारलं, "ताई बरी हाय का?"

मोठीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती कारखान्यातली पाळी संपवून थेट आली होती. त्या दिवशी न सांगता खुर्चीवर बसली.

"सही खोटी निघाली ना, साहेब?"

मी सगळं सांगितलं. टायपिस्टचा जबाब तिला वकिलामार्फत मिळणारच होता, म्हणून फोनचंही सांगितलं. ती रडली नाही. बराच वेळ कोटाचं बटण उघडत आणि लावत राहिली.

"तुमी खोटीच हाय असं लिहा," ती म्हणाली.

"तसं लिहिता येत नाही मला."

"कोर्टासाठी नको. घरी ठेवायला पाहिजे मला."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे लोकांनी खूप काही मागितलं होतं. असं कुणी मागितलं नव्हतं.

मी तिला व्यवहाराचं सांगितलं. म्हटलं, ताबा अजून मिळू शकतो. आईला उलटतपासणीसाठी उभं करा. तुमच्या वकिलानं पेजेचा एक प्रश्न विचारला, तरी ती टिकणार नाही.

"आन् ती खोटं बोलली हे निघालं, तर तिच्यावर केस व्हईल?"

"कोर्टानं ठरवलं तर होऊ शकते."

"आन् धाकटीला काढतील."

"ते मी सांगू शकत नाही."

"मी सांगते ना. काढतील." ती उठली. "आईला पिंजऱ्यात उभी करून तिच्याकडून हे वदवून घ्यायचं? माझ्यानं नाय व्हायचं, साहेब."

तिनं वकिलाला आईची उलटतपासणी घेऊ दिली नाही. वकील माझ्याकडे येऊन हळहळून गेला. ज्या साक्षीला कुणी आव्हान देत नाही, ती कोर्टाला मानावी लागते. ताबा बापाकडे राहिला. मोठीला महिन्यातून ठरलेल्या दिवशी कोर्टाच्या आवारात मुलीला भेटायची परवानगी मिळाली. 'सही खरी असल्याचे निष्पन्न, दखलपात्र गुन्हा नाही' असा अहवाल लिहून मी तो अर्ज निकाली काढला. धाकटीला कुणीही घराबाहेर काढलं नाही. म्हातारीचा अंदाज खरा ठरला, हे मान्य करावं लागतं.

खरं काय घडलं ते शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं, या समजुतीवर मी सगळी नोकरी केली. इथं सगळं खरं माझ्या हाती आलं होतं. तिघी बायकांपैकी एकीनंही माझ्यापासून काही लपवलं नाही, धाकटीनंसुद्धा जे लपवलं ते लपण्यासारखं नव्हतं. आणि त्यातला एक शब्दही मला कुणाच्या उपयोगी लावता आला नाही. त्या प्रकरणानंतर मी तपास पूर्वीसारखाच केला. मात्र तक्रारदाराला 'काळजी करू नका' म्हणायचं सोडून दिलं.

निवृत्तीनंतर एकदा खोपोलीत औषधाच्या दुकानात मोठी भेटली. रक्तदाबाच्या गोळ्या घेत होती. मला ओळखून तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि नमस्कार केला.

"आईच्या?" मी विचारलं.

"हो. रविवारी नेऊन देते. घरात जात नाय, ओट्यावर ठेवते. ती आतनं इचारते, जेवलीस का गं. मी हो म्हणते."

"आणि मुलगी?"

"शाळेत जाते. भेटीला येते तेव्हा शहाण्यासारखी बसते." सुटे पैसे पाकिटात टाकत ती म्हणाली, "धाकटीला आई म्हणते आता. मला ताई."