आधी तळवे

शकू सिस्टर घरात आल्या की लेकराचं तोंड बघायच्या नाहीत, आधी पाय उचलून तळवा बघायच्या. ताप असो, खोकला असो, नाहीतर नुसती लस टोचायची असो. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही जावा-जावा त्यांची नक्कल करून हसायचो.

माझी पिंकी तेव्हा दोन वर्षांची होती. ताप आला, फोड उठले आणि कांजिण्या म्हणजे देवीच अंगात आली, असं मानून सासूबाईंनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. "आई आल्यात. आता औषध न्हाई, आन् परकं माणूस उंबऱ्याच्या आत न्हाई." मी पदवी घेतलेली बाई, पण मुकाट मान डोलावली. त्याची लाज मला आजही वाटते. दुसऱ्या दिवशी पिंकी पाण्याचा घोट गिळेना. वाटी ओठाला लागली की किंचाळायची. मग किंचाळणंही थांबलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. डहाळा पाहून बाहेरच थांबल्या. "काकू, म्या आत येत न्हाई. लेकराचे पाय तेवढे बाहेर करा." मी पिंकीला घेऊन उंबऱ्यावर बसले. तळपायांवर फोड होते, तळहातांवरही. सिस्टरनी झबलं वर करून पाहिलं, पोट-पाठ स्वच्छ होती. तोंडात बॅटरी मारली, तर जिभेवर नि टाळ्याला फोड.

"कांजिण्या असत्या तर पोट-पाठ भरून आली असती. ही हात-पाय-तोंडाची साथ हाय. तोंड सोलून निघालंय, म्हणून पीत न्हाई. लघवी कधी झाली?"

"काल दुपारी."

सिस्टरचा चेहरा उतरला. "काकू, आईला हात जोडा, पण लेकरू माझ्याजवळ द्या."

सासूबाईंनी स्वतःच पिंकीला त्यांच्या हातात दिलं.

जीपमध्ये मुखेडपर्यंत त्या चमच्याने ओआरएसचं पाणी पाजत राहिल्या. निम्मं ओघळायचं. "गिळ माय, गिळ." मी देवाला काय काय कबूल केलं, आता आठवत नाही. दवाखान्यात सलाईन लागलं, तरी दुपार कलेपर्यंत लंगोट कोरडाच. शेवटी मांडीवर घेऊन बसलेल्या सिस्टरच्या साडीवर ओल पसरली. मी ओशाळून पिंकीला घ्यायला गेले, पण त्यांनी दिलं नाही. ओल्या साडीकडे बघत त्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

"माझा नातू असाच पीत नव्हता. म्या नर्स असून, उष्णतेनं तोंड आलंय म्हणून सब्जा पाजत बसले. नांदेडला नेईस्तोवर गेला. ताप होता म्हणून पायात मोजे घातले होते, बाई. ते काढून एकदा तळवे बघितले न्हाईत म्या."