रांगोळीच्या बाहेरचं घर

९ मार्च २००४. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात, देवळासमोरच्या पटांगणावर मला गावकऱ्यांकडून रांगोळीने गावाचा नकाशा काढून घ्यायचा होता. पाणी योजनेला परदेशी बँकेचं कर्ज होतं आणि नळ कुठे बसवायचे ते गावानेच ठरवावं, अशी अट होती. नकाशात नसलेल्या घराला नळ मिळणार नव्हता.

नकाशा पुरा झाला. तेवढ्यात कडेची एक म्हातारी उठली, वहाणा काढल्या आणि थेट नकाशात शिरली.

"मावशे, फिस्कटंल ना सगळं!" सरपंच ओरडले.

"रस्त्यानं चाललेय. कुणाच्या घरात पाय देत न्हाई."

बायका हसल्या. लुगडं घोट्यावर धरून ती खरंच रांगोळीच्या रस्त्याने गेली, वळणावर वळली, विहिरीपाशी थांबली. शेवटची रेघ संपली तरी चालत राहिली आणि मोकळ्या मातीत पंचवीसेक पावलांवर जाऊन बसली.

"आमची वाडी हितं. आठ घरं हायती. काढा."

"तिथवर पाइप परवडत न्हाई," सरपंच म्हणाले.

"मंग मला रोजच्या खेपा परवडत्यात व्हय?"

मी रांगोळीचा डबा घेऊन तिच्यापाशी गेले आणि चौकोन काढू लागले. शेवटच्या चौकोनाशी तिने माझा हात धरला.

"बाई, हे जरा मोठं काढा. सून पोटुशी हाय."

असे नकाशे मी पुष्कळ काढून घेतले. त्यात चालून दाखवणारी तीच एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी योजनेच्या इंजिनिअरला जीपमधून उतरवलं आणि टेपचं एक टोक स्वतः धरून विहिरीपासून त्या वाडीपर्यंतचं अंतर मोजलं.