चोवीस खवल्यांची सापसुरळी

गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांचे ते खवलेकाका. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसायचं, बरणीतली पाल नाहीतर सापसुरळी चिमट्याने उलटायची आणि भिंगाखाली तिचे खवले मोजायचे, यात बत्तीस वर्षं गेली. लोक सापसुरळीला सापाची मावशी म्हणतात. त्यामुळे बायकोचं आयतंच फावलं. "लोकांचे नवरे सापाला पाहून पळतात, आमचे हे त्याच्या मावशीच्या मागे पळतात!"

सहा वर्षांपूर्वी टेकडीमागच्या जंगलात, कुजक्या पानांखाली, काकांना बोटाएवढ्या तीन सापसुरळ्या मिळाल्या. साध्या तपकिरी सापसुरळीच्या पोटाभोवती अठ्ठावीस खवले असतात. या तिघींना चोवीस. काकांनी सतरा वेळा मोजले. निवृत्तीआधी हिला स्वतःचं नाव मिळावं, एवढंच त्यांनी मनात धरलं.

संग्रहालयाचे नवे तरुण साहेब हसले. "काका, चार खवले कमी म्हणून वेगळी जात? माझ्या डोक्यावर चारशे केस कमी आहेत, मग मी काय वेगळा प्राणी?"

"तुम्ही एकटेच आहात, साहेब. तुमच्यासारखे तीन सापडले तर बघू."

साहेबांनी मग काकांच्या मोजणीवर शोधनिबंध लिहून एका विज्ञान-नियतकालिकाला पाठवला. परीक्षकांचं उत्तर यायला वर्ष लागलं: मोजणी चोख आहे, पण तीन नमुन्यांवर भागत नाही, जनुकांची तपासणी करून पाठवा.

काका उठून बरणीपाशी गेले. गुरूंनी शिकवल्याबरहुकूम त्यांनी तिघींना तिथल्या तिथे फॉर्मॅलिनमध्ये घातलं होतं, बोटं सरळ करून, अगदी देखणं. त्यात शरीर टिकतं, पण जनुकांची वाट लागते. स्पिरिटमध्ये नखाएवढा तुकडा ठेवला असता तरी काम झालं असतं. आणि तुकडा होता! तिसरी पकडताना तिची शेपूट तुटून काकांच्या तळहातावर वळवळली होती. तुटकी शेपूट मापात धरत नाहीत, म्हणून त्यांनीच ती पानांवर झटकली होती. मुंग्यांनी ओढत नेली, तेही कौतुकाने पाहिलं होतं.

"त्यात काय, दुसरी पकडून आणू," साहेब म्हणाले.

गेले. टेकडीमागे दगडाची खाण सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. झाड नाही, पानं कुठली असणार? काका चार दिवस धुळीत दगड उलटत राहिले. एक सापडली. भिंगाखाली मोजली. अठ्ठावीस. पुन्हा मोजली, अठ्ठावीसच. सोडून दिली.

निवृत्तीच्या आठवड्यात साहेब सगळ्या बरण्या संगणकावर चढवत होते.

"काका, या तिघींची जात?"

"वेगळी."

"यादीत 'वेगळी' नाही हो."

"मग प्रश्नचिन्ह टाका."

"हे यंत्र प्रश्नचिन्ह घेत नाही, काका." साहेबांनी मान वर केली नाही. "तपकिरी लिहू?"

काकांनी बरणी पुढे ओढली. संग्रहालयात सगळ्यात सुबक अक्षर त्यांचंच, त्यामुळे बरणीवरची 'तपकिरी' अशी नवी चिठ्ठीही त्यांनाच लिहावी लागली.

घरी दारातच बायकोने विचारलं, "काय हो, मिळालं का मावशीला नाव?"

"मिळालं."

"कुठलं?"

"तिच्या शेजारणीचं."

बायकोच्या ओठांवर टोमणा तयार होता. तिने तो गिळला आणि त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. डबा जडच होता. सकाळी दिलेलं तसंच होतं.