पेल्यावरची नावं

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. विद्यापीठाच्या वसतिगृहात पंगत बसली होती. शिष्यवृत्तीवर शिकणारी आमची रेश्मा पाणी प्यायला लागली, तशा समोरच्या पाहुण्या शास्त्रज्ञ बाई एकदम ओरडल्या, "अगं, हा तर माझा पेला!"

खरंच की! मी इथली रेक्टर, पण कधी निरखून पाहिलं नव्हतं. स्टीलवर बाईंचं नाव कोरलेलं होतं आणि त्याखाली आणखी चार मुलींची. आपण भांड्यावर नाव घालतो ते भांडं फिरून घरी यावं म्हणून. बाई हा पेला जाताना विसरल्या होत्या. पुढच्या चौघींनी मात्र, रेश्मानं सांगितलं, आपापलं नाव घालून तो मुद्दाम मागे ठेवला, नंतर येणारीसाठी. सभागृहातल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाटीसमोरून मी रोज जाते, पण तिथली नावं अशी कधी वाचावीशी वाटली नाहीत.

"तुझं नाव कुठाय?" बाईंनी विचारलं.

"पीएचडीला निवड झाली की मगच घालायचं, मॅडम. माझी यादी उद्या लागतेय."

बाईंनी नावांखालच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"जरा बारीक अक्षरात घाल हं. अजून पुष्कळ जणी यायच्यात."