बायकोच्या नावावरचं व्याज

आपल्याला रिटर्न भरावा लागतो का, हा प्रश्न माझ्या बायकोनं स्वतःहून काढला. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवते. दोन वर्षांत कामं वाढली, हाताखाली एक बाई आली. एका सकाळी म्हणाली, "अहो, मला बी टॅक्सचं बघाय पाहिजे की. भरायचा असंल तर भरू."

"तुला कशाला? गेल्या वर्षी लागला नव्हता."

"गेल्या वर्षीचं माप ह्या वर्षी चालतंय व्हय?"

बायका नमुन्याला जुना ब्लाउज आणतात. ती तो बाजूला ठेवते आणि टेप घेऊन नव्यानं माप घेते. गिऱ्हाइकं वैतागतात, तरी ती घेतेच. तिच्या या चोखपणाचं मला कायम कौतुक वाटत आलंय. त्या सकाळी मात्र धडकी भरली.

कारण आज सांगून टाकतो. मी नोकरदार क्लार्क. चार वर्षांपूर्वी मुरगूडची माझ्या वाट्याची जमीन विकली आणि ते पैसे तिच्या नावानं मुदत ठेवीत टाकले. बायकोच्या नावावर टाकलं की व्याजावर टॅक्स नाही, असं आमच्या ऑफिसात सगळेच धरून चालतात. तिला सांगितलं, जमिनीचे पैसे जुनी देणी फेडण्यात संपले. बँकेचे फॉर्म मी पुढं करायचो, ती मशीनवरून न उठता सह्या करायची. त्याच वर्षी तिनं रस्त्यावरचा एक गाळा बघून ठेवला होता. डिपॉझिटला पैसे मागितले, तेव्हा मी "नाहीत" म्हणालो. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या गल्लीत एक वयस्कर कर सल्लागार बसतात. ती शिलाईची वही घेऊन निघाली, मीही मागोमाग गेलो. न जाऊन करतो काय?

त्यांनी वही चाळली. "अक्षर चांगलं हाय, ताई. खर्च वजा न करता बी मर्यादेच्या आत बसतंय. पण काही खर्च मोठा असला तर तरी बी रिटर्न भराय लागतोय, म्हणून विचारतो. लाईट बिल वर्षाला लाखाच्या वर?"

"मशीन चालवतोय, गिरणी न्हाय."

"परदेशी फिरायला गेलताय?"

"पन्हाळ्याला जाऊन तीन वर्षं झाली. त्ये धरतासा काय?"

दोघंही हसले. मग ते म्हणाले, "आता पॅनवर काय नोंद हाय बघू." तिच्या मोबाईलवर ओटीपी आला, तिनं आकडे वाचून दाखवले. स्क्रीन उघडल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "मुदत ठेवीचं व्याज दिसतंय. चार वर्षांचं."

"माझं न्हाय त्ये. चुकून आलं असंल."

ती इतक्या खात्रीनं बोलली की मला गप्प बसवेना. "चुकून नाही," मी म्हणालो. "जमिनीचे पैसे आहेत. मी ठेवलेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. सल्लागारांना विचारलं, "मग मला भराय लागंल?"

"न्हाय. नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर त्याचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरत्यात. तुमचं काय न्हाय. पावण्यांचं मात्र चुकलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्या वर्षीपास्नं नीट दाखवा. मागचं उकरायचं का न्हाय, तुम्ही ठरवा."

"मागचं बी भरता येतंय?" तिनं विचारलं.

"येतंय. जादा कर बसतोय."

"बसू दे. ह्यांचं सगळं करून टाका."

तिचा आवाज चढला नाही. त्या खुर्चीवर मी असतो, तर चारचौघांत समोरच्याला फाडून खाल्लं असतं. ती वही पिशवीत घालत उरलेली कागदपत्रं कधी आणायची, ते विचारत होती.

जिना उतरताना एवढंच म्हणाली, "गाळा मागितलेला, तवा ठेव झालेली?"

"झाली होती."

"बरं."

महिनाभरात मी मागच्या वर्षांचं सगळं भरलं. भरल्यावर एका संध्याकाळी म्हणालो, ठेव मोडू, गाळा घेऊ. ती हातशिलाई करत होती.

"तुमचं पैसं हायत," ती म्हणाली. "सरकार बी तसंच म्हणतंय. मी माझं जमवीन, मग घीन."

आता दर सोमवारी ती शिलाईतले थोडे पैसे स्वतः बँकेत भरून येते. मी सोबत येऊ का, असं अजून विचारलेलं नाही.